हसल्याने मीठ लघवीतून जात नाही, बीपीची गोळी बंद करू नका

कचराळी तलावावर सकाळी चालायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. तो माझ्या आत्यापर्यंत पोचला आणि तिने बीपीची गोळी बंद केली. मला कळलं ते फ्रीजवर गोळ्यांची अख्खी पट्टी तशीच पडलेली दिसली म्हणून. विचारलं तर म्हणाली, "अगं, किडनीच डोपामिन बनवते, तीच मीठ बाहेर टाकते. मग गोळी कशाला?"

मेसेज थोडक्यात असा: डोपामिन आणि सेरोटोनिन ही आनंदाची रसायनं किडनीतही बनतात. रोज खळखळून हसलं की ती वाढतात आणि दोन्ही मिळून जादा मीठ लघवीतून काढून टाकतात. केळी आणि कवचबीज चूर्ण घेतलं की आणखी वाढतात. आयसीयूतसुद्धा किडनी वाचवायला डोपामिनच देतात. तेव्हा सैंधव हवं तेवढं खा आणि गोळ्या सोडा.

पहिलं वाक्य खरं आहे, ते नाकारता येत नाही. आपली मूत्रपिंडं दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात. त्यातलं सोडियम मिठाच्या हिशेबात जवळपास दीड किलो भरतं, आणि त्यातलं बहुतेक सगळं शरीर परत आत ओढून घेतं. सुमारे दोन तृतीयांश तर मूत्रपिंडातल्या बारीक नळीच्या पहिल्याच नागमोडी भागात. त्याच भागातल्या पेशी रक्तातून आलेल्या एल-डोपा या कच्च्या मालापासून डोपामिन बनवतात. हे डोपामिन सोडियम परत ओढणाऱ्या पंपांना आवर घालतं, आणि अडलेलं सोडियम लघवीवाटे जातं. मीठ जास्त खाल्लं की तिथे डोपामिनही जास्त बनतं. इथपर्यंत ठीक.

पण याचा हसण्याशी काय संबंध? मेंदूतलं डोपामिन मेंदूत बनतं आणि तिथेच वापरलं जातं. ते किडनीत उतरत नाही, आणि किडनीतलं मेंदूत चढत नाही, कारण मेंदू आणि रक्त यांच्यामधली भिंत डोपामिनला ओलांडता येत नाही. हास्यक्लबला जरूर जा, पण मीठ काढायला नको.

सेरोटोनिनचं तर साफ उलटं लिहिलंय. ज्या एन्झाइमने डोपामिन बनतं, त्याच एन्झाइमने त्याच पेशींत सेरोटोनिनही बनतं, आणि ते सोडियम धरून ठेवायच्या बाजूने काम करतं. दोघं एकमेकांच्या विरोधात आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने एवढंही वाचलेलं नाही.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. उच्च रक्तदाबाच्या अनेक रुग्णांत किडनीतलं डोपामिन बनतं, पण पेशीवरच्या ज्या ग्राहींवर (रिसेप्टर्सवर) ते काम करतं, त्यांचा पेशीच्या आतला संदेश नीट पुढे जात नाही. म्हणजे पंपांना आवर बसत नाही आणि मीठ शरीरात साठतं. ज्या यंत्रणेच्या भरवशावर गोळी सोडायला सांगताय, ती बीपीच्या माणसातच बिघडलेली असू शकते! निरोगी माणसाने हा मेसेज वाचून सोडून दिला तर एक वेळ चालेल, पण तो पोचतोय साठी-सत्तरीच्या बीपीवाल्यांपर्यंत. त्यातच काही गोळ्या एकदम थांबवल्या की बीपी उसळी मारतं. पक्षाघात झाला तर ग्रुप अ‍ॅडमिन येणार आहे का निस्तरायला?

आयसीयूचा मुद्दा वीस-पंचवीस वर्षं शिळा आहे. पूर्वी किडनी वाचावी म्हणून कमी मात्रेत डोपामिनचं सलाइन लावायचे, हे खरं. मग ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अतिदक्षता तज्ज्ञांनी 328 रुग्णांवर ते तपासून पाहिलं. काहींना डोपामिन, काहींना नुसतं सलाइन. निकाल 2000 साली 'लॅन्सेट'मध्ये आला: किडनी वाचवण्यात काडीचा फरक नाही. थेट शिरेतून देऊन जे साधलं नाही, ते केळ्याने साधणार?

शिवाय केळ्यात पोटॅशियम असतं. ज्यांची किडनी आधीच अधू आहे आणि बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू आहे, त्यांचं पोटॅशियम रक्तात वाढू शकतं. कवचबीज म्हणजे खाजकुइलीचं बी. त्यात खरोखरच एल-डोपा असतं, म्हणजे पार्किन्सन्सचं औषध. त्याने मळमळतं आणि उठून उभं राहताना बीपी एकदम खाली येऊन चक्कर येते. म्हातारं माणूस रात्री बाथरूमला जाताना पडलं तर खुब्याचं हाड मोडतं. हे चूर्ण कुणी मनाने घेऊ नये.

सैंधव म्हणजेही सोडियम क्लोराइडच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं धरून.

कचराळीच्या ग्रुपवर आणखी कुणी गोळी बंद केली असेल तर आजच बीपी मोजून घ्या आणि ज्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली त्यांना फोन करा. चुकलेल्या गोळ्या एकदम घेऊ नका. आणि हा मेसेज ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनी तो चुकीचा होता हे त्याच ग्रुपवर लिहावं.