बाळाची कावीळ: आधी प्रकाश, मग प्रोबायोटिक

प्रोबायोटिकचे, म्हणजे आतड्यासाठी उपयुक्त मानल्या जाणाऱ्या जिवंत जंतूंचे, थेंब पाजले की कावीळ झालेल्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवावे लागत नाही, असे हल्ली सहज सांगितले जाते, आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात निम्म्याहून अधिक बाळांना थोडीफार कावीळ होते व बहुतेकांची ती आपोआप ओसरते, हे खरे आहे. पण बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारे रक्तातील पिवळे द्रव्य, फार वाढून मेंदूत शिरले तर बहिरेपणा किंवा कायमचे अपंगत्व येऊ शकते. अशा वेळी तास महत्त्वाचे असतात.

१९५६ मध्ये इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड कमी दिवसांच्या (वेळेआधी जन्मलेल्या) बाळांना उन्हात नेत असत. एका बाळाचे अंग फिकट झाले होते, मात्र चादरीच्या कोपऱ्याखाली झाकला गेलेला त्रिकोणी भाग तेवढा गडद पिवळा राहिला होता, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवले. त्यातूनच पुढे फोटोथेरपी, म्हणजे निळ्या दिव्याच्या प्रकाशाने केलेला उपचार, उभी राहिली. हा प्रकाश त्वचेतील बिलिरुबिनची रचनाच बदलतो, त्यामुळे यकृतातील अपुऱ्या विकराची (एन्झाइमची) वाट न पाहता ते पित्तातून व लघवीतून बाहेर पडते. म्हणूनच बाळाच्या डोळ्यांवर पट्टी आणि अंगावर फक्त लंगोट असावा, दिवा योग्य अंतरावर असावा आणि दूध पाजणे थांबू नये, याबाबत पालकांनी न संकोचता विचारावे. कोवळे ऊन हा याला पर्याय नाही. त्याची मात्रा मोजता येत नाही आणि बाळाची त्वचा भाजण्याचा धोका असतो.

प्रोबायोटिकमागचा विचार मला पटतो. पित्तावाटे आतड्यात आलेले बिलिरुबिन शी लवकर न झाल्यास पुन्हा रक्तात शोषले जाते, आणि आतड्यातील जंतूंचा मेळ बदलून हे कमी करता येईल, अशी अपेक्षा आहे. काही छोट्या अभ्यासांत दिव्याखालचा काळ थोडा घटल्याचे दिसले, पण नियमित उपचार म्हणून स्वीकारण्याइतका हा पुरावा भक्कम नाही. शिवाय २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने, अशा जिवंत जंतूंमुळे कमी दिवसांच्या बाळांना प्राणघातक संसर्ग होऊ शकतो, असा इशारा दिला. त्यामुळे हे थेंब स्वतःच्या मनाने देऊ नयेत, आणि डॉक्टरांनी सुचवले तरी ते दिव्याच्या जोडीला असावेत, दिव्याऐवजी नव्हेत.

पहिल्या २४ तासांतच दिसलेली कावीळ, दूध ओढायला कंटाळणारे सुस्त बाळ, किंवा पांढुरकी शी आणि गडद लघवी, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी.