अपूर्णांक पुन्हा शिकताय? मग लसावि सोडू नका

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना आणि मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांना एक सल्ला व्हिडिओंतून, व्हॉट्सॲपवरून सारखा मिळतो. त्याचा मथितार्थ असा: “लसावि (लघुतम सामाईक विभाज्य, म्हणजे सगळ्या छेदांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) विसरा. बेरजेला फुलपाखरू करा, म्हणजे तिरके गुणाकार वर आणि छेदांचा गुणाकार खाली. भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा. का ते विचारू नका. भागाकाराचं उत्तर मूळ संख्येपेक्षा लहान यायला हवं. आणि अडलंच तर दशांशात करा, उत्तर तेच येतं.”

यातलं थोडं खरं आहे, म्हणूनच तो इतका पसरतो.

“बेरजेला फुलपाखरू पुरेसं आहे.” दोन अपूर्णांकांना ते चालतं, हे मान्य. ५/१२ + ७/१८ घ्या. तिरके गुणाकार ९० आणि ८४, बेरीज १७४, खाली २१६. आता १७४/२१६ ला ६ ने संक्षिप्त करा, तेव्हा २९/३६ मिळतात. लसाविने करायचं तर मोठ्या छेदाचा पाढा म्हणा: १८ ला १२ ने भाग जात नाही, ३६ ला जातो. झालं, समान छेद ३६. वर १५ + १४ = २९. संक्षिप्त करायचं कामच उरलं नाही. (कधी कधी लसावि घेऊनही शेवटी संक्षिप्त करावं लागतं, पण आकडे आटोक्यात असतात.)

तिसरा अपूर्णांक आला की फुलपाखराचे पंख कुठे जोडायचे ते कळत नाही. ५/१२ + ७/१८ + ११/३० मध्ये तिन्ही छेदांचा गुणाकार ६४८० होतो. लसावि फक्त १८० आहे: ७५ + ७० + ६६ = २११, उत्तर २११/१८०, म्हणजे १ पूर्णांक ३१/१८०.

पण आकडेमोड वाढते ही या युक्तीविरुद्धची लहान तक्रार. मोठी तक्रार अशी की तिच्यात छेदाचा अर्थच हरवतो. छेद सांगतो तुकडा केवढा, अंश सांगतो असे तुकडे किती. तुकडे सारख्या मापाचे झाल्याशिवाय मोजून एकत्र करता येत नाहीत, समच्छेद करायचे ते एवढ्यासाठी. हे डोक्यात नसलं की युक्ती आठवेनाशी झाल्यावर हात सरळ अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतो. पाव आणि अर्धा मिळून पाऊण हे तोंडी सांगणारा माणूस कागदावर १/४ + १/२ = २/६ लिहितो. २/६ म्हणजे तिसरा हिस्सा, अर्ध्याहूनही कमी! अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत १२/१३ + ७/८ चं अंदाजे उत्तर १, २, १९, २१ यांतून निवडायचं होतं. दोन्ही संख्या जवळपास १ आहेत, तेव्हा उत्तर २. तेरा वर्षांच्या मुलांपैकी साधारण चौघांत एकालाच ते जमलं. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ निवडलं.

“उलटा करून गुणा, कारण विचारू नका.” नियम बरोबरच आहे; भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत तो दिलेला आहे. पण त्याला कारण आहे आणि ते सोपं आहे. २/३ ÷ ३/४ आधी समच्छेद करा: ८/१२ ÷ ९/१२. आता दोन्हीकडे तुकडे सारखेच, म्हणून प्रश्न उरतो ८ ÷ ९, उत्तर ८/९. यातले ८ आले २ × ४ मधून आणि ९ आले ३ × ३ मधून. म्हणजे २/३ × ४/३ च झालं. उलटवणं हा समच्छेद करण्याचाच आखूड रस्ता आहे.

कारण माहीत नसलं की ठरावीक ठिकाणी पाय घसरतो. कुणी भाजकाऐवजी भाज्य उलटवतं. कुणी २ १/२ ने भागताना २ तसेच ठेवून नुसता १/२ उलटवतं. आधी ५/२ करून मगच २/५ करायला हवं. सगळ्यात फसवी चूक काटाकाटीची. ४/९ ÷ ३/८ मध्ये उलटवण्याआधीच ४ आणि ८, ९ आणि ३ तिरके काटले तर १/३ ÷ १/२, म्हणजे २/३ येतात. खरं उत्तर ४/९ × ८/३ = ३२/२७. ४/९ हा ३/८ पेक्षा मोठा आहे, तेव्हा उत्तर १ पेक्षा मोठंच हवं. एवढं पाहिलं तरी २/३ चुकलेत हे कळतं.

“भागाकाराचं उत्तर लहान यायला हवं.” हे साफ चूक. भाज्य आणि भाजक दोन्ही धन असताना भाजक १ पेक्षा मोठा असेल तरच तसं होतं. अडीच लिटर तेल पाऊण लिटरच्या बाटल्यांत भरायचंय: ५/२ ÷ ३/४ = १०/४ ÷ ३/४ = १०/३, म्हणजे ३ १/३. अडीचपेक्षा जास्त, आणि बरोबर. इथला १/३ मात्र लिटरचा नाही, बाटलीचा आहे. तीन बाटल्यांत सव्वादोन लिटर गेलं, उरलं पाव लिटर. ते पाऊण लिटरच्या बाटलीचा तिसरा हिस्सा भरतं. उरलेलं तेल १/३ लिटर असं लिहिलं तर सगळं गणित बरोबर करूनही उत्तर चुकतं.

“दशांशात करा, तेच येतं.” ५/६ ÷ १/३ चं उत्तर नेमकं अडीच आहे. ०.८३ ÷ ०.३३ केलं तर २.५१५ येतात. परीक्षेत पर्याय २९/३६ आणि १३/१६ असतील तर दोन स्थळांपर्यंत दोन्ही ०.८१ च दिसतात. संक्षिप्त रूपात छेदाला २ आणि ५ शिवाय दुसरा मूळ अवयव नसेल, म्हणजे ४, ८, २०, २५, ४० असे छेद असतील, तर दशांशात खुशाल करा. छेदात ३ किंवा ७ दिसला की अपूर्णांकातच राहा आणि दशांश फक्त शेवटी, अंदाज पडताळायला वापरा.