स्वयंभू वायरमनसाठी काही नम्र सूचना

गिरगावातली दहा बाय बाराची खोली असो वा कांदिवलीतला विसावा मजला, घरात नवा एसी किंवा गीझर आला की मुंबईकर गृहस्थाच्या अंगात एक वायरमन संचारतो. हातात टेस्टर असतो, मेव्हण्याने स्वतःच्या घराची अख्खी वायरिंग एका रविवारात केल्याची हकिकत ताजी असते, आणि बाहेरच्या माणसाला चार पैसे देणे हा पुरुषार्थाला बट्टा वाटू लागतो. अशा वाचकाला परावृत्त करण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

आधी कायद्याची अडचण दूर करू. 1956 चे भारतीय विद्युत नियम आणि त्यांच्या जागी आलेले केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2010 चे विनियम या दोहोंत एक लांबलचक वाक्य जवळजवळ शब्दशः सापडते. दिवे, पंखे, फ्यूज, बटणे यांची अदलाबदल कोणीही करावी, मात्र तीही विद्युत संचमांडणीची क्षमता वा स्वरूप बदलणार नाही अशा बेताने. त्यापलीकडची भर, फेरफार किंवा दुरुस्ती परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच व्हावी, असे ते वाक्य सांगते. हे विनियम 2023 मध्ये पुन्हा नव्याने निघाले, पण आपण घाबरण्याचे कारण नाही. आपण काय करीत आहात असे कोणी विचारलेच, तर ‘बटण बदलतोय’ असे सांगावे. त्या बटणामागून हॉल ओलांडून न्हाणीघरापर्यंत नवी वायर गेलेली असेल, तर तो त्या बटणाचा दोष समजावा.

वायर आणायला लोहार चाळीत, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात जाल, तेव्हा तिथला माणूस किती लोड आहे असे विचारील. त्याला खरे सांगितलेत तर तो गीझरसाठी चारची वायर काढील आणि दिव्यांना दीडची पुरेल असे सांगेल. हे आकडे तांब्याच्या छेदाचे, चौरस मिलिमीटरमधले असतात, आणि जितका आकडा मोठा तितके बिल मोठे. तीन किलोवॉटचा गीझर 230 व्होल्टवर तेरा अँपिअर ओढतो हा हिशेब शाळेत झालेला असला, तरी घरात दिवाळीच्या तोरणातून उरलेली वायर पडून असताना नवी घेणे कोणालाही जिवावर येईल. जोड देताना दोन टोके पिळावीत, वर काळी टेप गुंडाळावी आणि केसिंगची पट्टी दाबून बसवावी. पट्टी बसली की जोड दिसत नाही.

पहिल्याच आठवड्यात एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारा खटका, पडू लागेल. येथे बहुतेक नवशिके खचतात आणि वायर तपासायला घेतात. अनुभवी माणूस सोळा अँपिअरची एमसीबी काढून तेथे बत्तीसची बसवतो. एमसीबी माणसासाठी नसून भिंतीतल्या वायरीसाठी असते, वायर तापण्याआधी तिने पडायचे असते, एवढे एकदा ध्यानात आले की हा उपाय किती मूलगामी आहे ते पटेल: आता एमसीबी पडणार नाही, तिचे काम प्लास्टरच्या आत वायर करील. माणसासाठी जी वस्तू असते ती आरसीसीबी, आणि घरगुती वापराची आरसीसीबी 30 मिलिअँपिअरची गळती होताच पुरवठा तोडते. तिचा स्वभाव चिडखोर आहे. जुलैमध्ये भिंतीला ओल आली की ती पडते, गीझरची कॉइल फुटली की पडते, आणि ओली भिंत व गृहस्वामी यांच्यात काडीचाही भेद करीत नाही. म्हणून पावसाळ्यात तिला वगळून थेट जोडण्याची आपल्याकडे पद्धत आहे.

अर्थिंगबद्दल फार बोलत नाही, कारण बहुतेक घरांत तेवढे बोलण्याइतके ते नसतेच. जुन्या पिढीने हिरवी वायर नळाला बांधली; त्यानंतर नळ प्लास्टिकचे झाले, वायर मात्र श्रद्धेने तशीच राहिली. प्लगची तिसरी पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, जेणेकरून ती सर्वांत आधी जोडली जावी आणि सर्वांत शेवटी सुटावी. आपल्याकडे तिच्या भोकाचा उपयोग बॉलपेनची रिफिल खुपसून सॉकेटची झडप उघडण्यासाठी होतो.

आता प्रमाणपत्राकडे वळू, कारण या विषयातली खरी कलाकुसर तेथेच आहे. आईच्या जुन्या घराचा भार वाढवून घ्यायचा होता, तेव्हा परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागेल असे कळले. ओळखीने एक गृहस्थ मिळाले. त्यांनी फोनवर पत्ता आणि ग्राहक क्रमांक विचारला, घरात किती खोल्या हेही विचारले, आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट सहीशिक्क्यासह हजर झाला. नियम म्हणतो की 500 व्होल्टचा दाब एक मिनिट देऊन इन्सुलेशनचा रोध मोजावा आणि तो किमान एक मेगोहम भरावा. आमच्या घराचा प्रत्येक सर्किटला दोनशे भरला होता, ना कमी ना जास्त. ज्या मेगरने तो मोजला, तो मेगर आमचा जिना कधी चढलाच नाही. त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये मिक्सरच्या सोललेल्या दोन तारा आगपेटीच्या काड्या खोचून घट्ट बसवलेल्या होत्या, आणि कटआउटमध्ये फ्यूज वायर मिळाली नाही म्हणून कोणीतरी तांब्याच्या चार तारा एकत्र पिळून घातल्या होत्या. त्या तेवीस वर्षांत एकदाही वितळल्या नाहीत, असे आई अभिमानाने सांगते. प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवले आहे, आणि घरातील ती एकमेव गोष्ट आहे जिचे इन्सुलेशन मी छातीठोकपणे सांगू शकतो.

काम सुरू करण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा हे आपण जाणताच. तो जिन्याखालच्या मीटररूममध्ये, सायकली आणि मागल्या गणपतीच्या मखराच्या फळ्या ओलांडून गेल्यावर भेटतो. मीटरवरली नावे तीस वर्षांपूर्वी गेलेल्या भाडेकरूंची असतील, म्हणून अंदाजाने एक खटका खाली करावा, वर येऊन वायर हातात घ्यावी आणि क्षणभर कान देऊन ऐकावे. तिसऱ्या मजल्यावरून ‘अहो, लाइट कोणी घालवली?’ अशी हाक आली, तर वायर अलगद खाली ठेवावी.