पट कमी म्हणून पैसे कमी, पैसे कमी म्हणून पट आणखी कमी

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा घटलेली निघाली. एक मुंबई शहर. उरलेले दोन आपल्या कोकणातले, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. एकट्या रत्नागिरीत जवळपास ८२ हजार माणसं कमी भरली. त्यानंतर मोजणीच झाली नाही, त्यामुळे सरकारी कागदावर आपल्या वाड्यांमध्ये अजून २०११ ची माणसं नांदतायत. प्रत्यक्षात काय आहे ते गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर उभं राहिलं की कळतं.

आता याच्यावर सगळ्यांचं ठरलेलं वाक्य असतं. मंत्रालयातही तेच आणि आरतीनंतर ओटीवर बसलेल्या आमच्या चाकरमान्यांचंही तेच. "पोरंच नाहीत तर शाळा चालवायची कशाला?" ऐकायला बरोबर वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे की यात आधी काय झालं आणि नंतर काय, हे कोणी नीट बघितलेलं नाही.

पैशापासूनच सुरू करते. जिल्हा परिषदेच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून जे संयुक्त शाळा अनुदान येतं ते पटावर, म्हणजे पोरांच्या संख्येवर ठरतं. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. त्यातले दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. म्हणजे छोट्या शाळेकडे उरले नऊ हजार, महिना साडेसातशे. त्यात लाईटबिल, खडू, रजिस्टरं, झेरॉक्स, नेटचा रिचार्ज, तुटलेला नळ आणि आगोटीला, पावसाच्या तोंडावर, फुटकी कौलं. पोरं पस्तीसची आठ झाली म्हणून छप्पर लहान होत नाही, पाऊसही कमी पडत नाही. पण छप्पर गळतं हे आईबापांना दिसतं आणि पुढच्या जूनमध्ये आठाची पाच होतात.

शिक्षकांचा पगार सरकार देतं आणि तो खर्च मोठा आहे, हे मान्य. शिक्षण हक्क कायद्याने ६० पटापर्यंत दोन शिक्षक द्यावे लागतात. २०२३ च्या सुमारास राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या सरकारी शाळा पंधरा हजारांच्या घरात होत्या. तिजोरी सांभाळणाऱ्याला तो आकडा टोचणारच. म्हणून २०१७ साली दहाच्या आतल्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरलं, २०२३ मध्ये पानशेत आणि तोरणमाळच्या शाळांचा दाखला देऊन समूह शाळा, म्हणजे आजूबाजूच्या छोट्या शाळा मिळून एक, आल्या, २०२४ मध्ये दहा किंवा कमी पटाच्या शाळेत दोनातला एक शिक्षक महिना १५ हजारांवर कंत्राटी नेमायचं निघालं. हा कंत्राटीचा निर्णय नंतर मागे घेतला गेला. पण दर दोन-तीन वर्षांनी असं एखादं परिपत्रक निघतं आणि त्या नुसत्या बातमीनेच गावातली दोन घरं आपली पोरं काढून घेतात. बंदच होणार असेल तर आधीच हलवलेली बरी, असा साधा हिशोब. त्यांना दोष कसा देणार?

मला खरं सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. शाळा बंद झाली, पोरं चार किलोमीटरवरच्या शाळेत गेली, खर्च वाचला, असं कागदावर दिसतं. गावात काय होतं?

पहिल्या पावसाळ्यात आई पोराला पऱ्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, सोडायला जाते. दुसऱ्या वर्षी ती तालुक्याच्या गावी खोली घेते. चिपळूण, लांजा, कणकवली, कुठल्याही चाळीत बघा, एक खोली, एक गॅस, दोन दप्तरं आणि आई. नवरा गावात किंवा मुंबईत. बाई गेली की गोठा पहिला रिकामा होतो, कारण कोकणात म्हशीचं बाईच बघते. मग परसातली भाजी जाते. लावणीला माणूस मिळत नाही म्हणून भाताचा एखादा कुणगा पडीक राहतो. सासू-सासरे आजारी पडले की तेही त्या खोलीत येतात, आणि एक दिवस घराला कुलूप. घर बंद म्हटल्यावर घरपट्टी थकते, वाडीतल्या वाण्याचं गिऱ्हाईक तुटतं, एसटीची फेरी "भारमान नाही" म्हणून कमी होते. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंचं महिन्याचं अडीच हजारांचं मानधन जातं. वाडीत रोख पैसा हातात येणाऱ्या बायका किती असतात? त्यातली ही एक.

हा सगळा खर्च शिक्षण खात्याच्या वहीत कुठेच लिहिला जात नाही. तो खोलीच्या भाड्यात लिहिला जातो आणि ते भाडं त्या घराला भरावं लागतं.

आणि याच वेळी दुसऱ्या खात्याचे साहेब येऊन सांगतात, काजू प्रक्रिया उद्योग टाका, होमस्टे करा, तरुणांनी परत या. कोरोनात आलेले काही जण राहिलेसुद्धा. माझ्या माहितीतलं एक जोडपं, तिशीतलं. काजूबी फोडायचं छोटं युनिट घातलं, वाडीतल्या चार बायकांना काम दिलं. कर्ज, मार्केट, लाईट जाणं, सगळ्याला पुरून उरले. मुलगी सहा वर्षांची झाली आणि निघाले. शाळेत एकच शिक्षक, तोही निम्मे दिवस टपालात आणि ऑनलाईन माहिती भरण्यात. वहिनी मला म्हणाली, "गो, माझ्या धंद्यासाठी तिचं वाटोळं करू काय?" युनिट बंद. त्या चार बायकांची नावं कुठल्याच बेरोजगारीच्या आकड्यात येणार नाहीत. एका खात्याने अनुदान देऊन आणलेलं माणूस दुसऱ्या खात्याने घालवलं आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही.

दुसरी बाजूही खरी आहे, ती लपवत नाही. अख्ख्या इयत्तेत एकटंच पोर, खेळायला जोडीदार नाही, भांडायलासुद्धा कोणी नाही, हे काही चांगलं शिक्षण नव्हे. जिथे बारमाही रस्ता आहे, गाडी खरोखर दारात येते, तिथे दोन-तीन शाळा एकत्र करून चांगली एक करा, माझी हरकत नाही. पण आधी गाडी. प्रवासासाठी वर्षाला ६ हजारांपर्यंत भत्ता बसतो, त्यात आमच्या घाटीतून रोजची रिक्षा कोण लावणार? नियम म्हणतो, पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा. त्या किलोमीटरमध्ये ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, आहे की नाही, जुलैत त्याच्यावरून पाणी जातं की नाही, हे नियमाला माहीत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी ही की अनुदान नुसतं पटावर नको. छप्पर, लाईट, नेट, पाणी यांना लागेल तेवढं किमान दरवर्षी द्या, दुर्गम वाडीला त्यावर जास्त द्या, आणि पट त्याच्यानंतर मोजा. दुसरी मागणी जुनीच आहे, इथल्या डीएड झालेल्या पोरापोरींना इथे नेमा. बाहेरून आलेला शिक्षक आंतरजिल्हा बदलीचा अर्ज खिशात घेऊनच येतो. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

तिसरी गोष्ट सरकारला नाही, आपल्याला आहे. रागावलात तरी चालेल. आपल्या गावांच्या मुंबईतल्या मंडळांनी गेल्या काही वर्षांत गावोगाव सभामंडप बांधले, कमानी उभ्या केल्या, एकेकाला लाखांत वर्गणी. देवाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच मंडळाच्या मीटिंगमध्ये शाळेचा विषय आला की "ते जिल्हा परिषदेचं काम" म्हणून पुढचा विषय घेतात. महात्मा फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढे सांगितलं होतं की शेतकऱ्याकडून सारा वसूल होतो आणि शिकतात वरच्या वर्गातले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ पासून रयत शिक्षण संस्था उभी केली ती मुठीमुठीने जमवलेल्या धान्या-पैशावर. आमच्याकडे गावचा पैसा अजूनही जमतो, शाळेकडे मात्र येत नाही.

केंद्राच्या वित्त आयोगाच्या निधीतला अबंधित हिस्साही बघा, म्हणजे जो कशावर घालायचा हे गावाने ठरवायचं असतं. पंधराव्या आयोगात ८० टक्के पैसे थेट ग्रामपंचायतीला आले. त्यातले पेव्हर ब्लॉकवर किती गेले आणि शाळेवर किती, हे ई-ग्रामस्वराजच्या साईटवर बघता येतं. गावच्या विकास आराखड्याची ग्रामसभा २ ऑक्टोबरच्या आसपास होते, म्हणजे चाकरमानी परत गेल्यावर. तेव्हा मंडळांनी गणपतीतच एक संध्याकाळ यासाठी काढावी. सरपंच, शाळा व्यवस्थापन समिती, मुख्याध्यापक यांना बोलवावं आणि वर्षाचा शाळेचा खर्च मागून घ्यावा.

तुमच्या वाडीतल्या शाळेचा पट किती, शिक्षक किती आणि पोरांच्या शाळेसाठी किती घरांना कुलूप लागलंय, हे खाली लिहा. गावाचं नाव घाला, शिक्षकाचं नको. तालुक्यानुसार यादी करून जिल्हा परिषदेत नेऊन देणार आहे.