‘घरबसल्या’ या शब्दाविषयी, आणि ओघाने बर्क-व्हाइट यांच्याविषयी

‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांच्यावरील माझ्या लेखावर डोंबिवलीच्या एका वाचकाने प्रतिक्रिया दिली आहे. स्वतःचे नाव त्यांनी दिलेले नाही, गावाचे तेवढे दिले आहे. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे व्हावे असे आधी ठरवले होते. प्रतिक्रिया तिसऱ्यांदा वाचल्यावर तो बेत सोडला. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गांधीजींच्या चरख्याच्या छायाचित्राचे वर्ष मी चुकीचे दिले, हा पहिला आक्षेप. कादंबरीकार अर्स्किन कॉल्डवेल यांच्याबरोबर अमेरिकेच्या दक्षिणेतील गरिबांवर केलेल्या १९३७ च्या पुस्तकात चित्रांखालची वाक्ये त्या गरीब माणसांची नसून दोघा लेखकांनी रचलेली होती, हे मी सांगितले नाही, हा दुसरा. आणि शेवटी हे वाक्य: “अहो काका, घरबसल्या लिहिणाऱ्यांना कॅमेऱ्यामागचे काय कळणार? म्हणून तर त्या बाईने फाळणीच्या निर्वासितांना पुन्हा पुन्हा चालायला लावले, ही गोष्ट तुम्ही शिताफीने गाळलीत.”

वर्षाची चूक मला मान्य आहे. ते छायाचित्र १९४६ मध्ये पुण्यात काढलेले आहे. गांधीजींच्या हत्येनंतर ते जगभर पोहोचले आणि बहुधा त्यामुळेच माझ्या डोक्यात १९४८ पक्के बसले होते. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार.

आता त्या वाक्याकडे वळतो. मी आपला काका नाही. आपले वय मला ठाऊक नाही, माझे आपल्याला ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि ज्याला पुढच्याच श्वासात अडाणी ठरवायचे आहे त्याला आधी ‘अहो काका’ म्हणून मखरात बसवण्याची ही जी नवी रीत निघाली आहे, तिच्यात आदर कितपत असतो हे आपण दोघेही जाणतो. ‘त्या बाईने’ याबद्दलही तेच. १९४१ मध्ये जर्मन विमाने मॉस्कोवर बाँब टाकत असताना तेथे असलेली ही एकमेव परदेशी छायाचित्रकार. उत्तर आफ्रिकेकडे जाताना ज्यांच्या जहाजाला पाणतीर लागला आणि ज्यांनी बचावनौकेतही कॅमेरा सोडला नाही, १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत ज्या उभ्या राहिल्या, त्यांना ‘बर्क-व्हाइट यांनी’ म्हणायला किती अक्षरे जास्त लागतात?

आणि ‘घरबसल्या’? गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांपैकी एकीच्या मोरीला रात्री काळा पडदा लागे, कारण वडील ऑपेरा हाउसजवळच्या एका स्टुडिओत प्रिंट काढण्याचे काम करीत आणि उरलेले काम घरी आणत. हायपोचा, म्हणजे छायाचित्र पक्के करणाऱ्या रसायनाचा वास आणि भाताचा वास मी एकाच वयात ओळखायला शिकलो. पुढे फोर्टातल्या एका दैनिकाच्या छायाचित्र विभागात सव्वीस वर्षे काढली. त्यातली पहिली सहा लाल दिव्याखाली, दुसऱ्यांचे रोल धुण्यात गेली. तेव्हा घरबसल्या म्हणायचेच असेल तर अवश्य म्हणा. फक्त ते घर कोणते होते, एवढे माहीत असू द्या.

चरख्याच्या चित्राचीच गोष्ट घ्या. गांधीजींच्या सचिवांनी बर्क-व्हाइट यांना आधी सूत कातायला शिकायला लावले, मग आत सोडले. गांधीजींचा मौनाचा दिवस होता, आणि फ्लॅशचे बल्ब तीनच वापरायचे, अशी अट होती. तो बल्ब एकदा उडाला की संपला. पहिले दोन प्रयत्न वाया गेले, तिसरा साधला. चित्र नीट पाहा: गांधीजी कातत नाहीत, ते कात्रणे वाचत आहेत. चरखा पुढे आहे, माणूस मागे आहे आणि उजेड खिडकीतून येतो आहे. आपण ज्याला ‘कॅमेऱ्यामागचे’ म्हणता ते हेच असते: कुठे उभे राहायचे, कशाला पुढे येऊ द्यायचे आणि हातात तिसराच बल्ब उरलेला असताना बोट थरथरू द्यायचे नाही.

निर्वासितांची हकीकत मला ठाऊक होती. १९४७ मध्ये पंजाबात बर्क-व्हाइट यांच्याबरोबर हिंडणाऱ्या ‘लाइफ’च्याच वार्ताहराने ती पुढे सांगितली आहे: भेदरलेल्या माणसांना त्या पुन्हा मागे जाऊन चालत यायला सांगत आणि नाही म्हणण्याचे धैर्य त्या माणसांत नसे. मी ती गाळली. ‘शिताफीने’ मात्र गाळली नाही. लेख लांबत होता आणि त्यांच्या पार्किन्सनशी झालेल्या झुंजीला मला जागा हवी होती. ज्या हातांनी ‘लाइफ’च्या २३ नोव्हेंबर १९३६ च्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ दिले, त्या हातांना बोटे हलवण्याचे व्यायाम करावे लागले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटले. लेख माझा आहे, निवडही माझी.

शिवाय मागे जाऊन पुन्हा चालत या, असे सांगणे म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकायला नको. १९८२ च्या गिरणी संपात लालबागच्या एका चाळीत मी उभा होतो. संप लांबला होता, बिऱ्हाडे गावाकडे निघाली होती. एक गृहस्थ डोक्यावर ट्रंक घेऊन जिना उतरत होते, मागे त्यांची पत्नी आणि कडेवर मूल. जिन्यात अंधार होता आणि माझा फ्लॅश चार्ज झालेला नव्हता. मी म्हणालो, “दादा, चार पायऱ्या वर जाऊन परत उतराल का?” ते ट्रंकेसकट वर गेले आणि परत उतरले. चित्र पहिल्या पानावर आले, खाली ओळ होती: ‘गावाची वाट धरलेले गिरणी कामगार कुटुंब.’ आता सांगा, त्यात खोटे काय होते? ते जातच होते, ट्रंक त्यांचीच होती, जिनाही त्यांचाच. मी जिना बांधला नव्हता की संप घडवला नव्हता. त्यांनी नाही म्हटले असते तर मी आग्रह केला नसता. पण ते नाही म्हणाले नाहीत. त्यांच्या पत्नीने मात्र वरच्या पायरीवरून माझ्याकडे पाहिले होते, आणि ते पाहणे चित्रात आलेले नाही, कारण मी चौकट ट्रंकेवर धरली होती.

हे मी आजवर कोठे लिहिले नव्हते. आपल्या ‘शिताफीने’मुळे लिहावे लागले.

कॉल्डवेल यांच्या पुस्तकाविषयी एवढेच, की ती वाक्ये आपल्या कल्पनेतली आहेत हे लेखकांनी पुस्तकातच छापले आहे. जे त्यांनी लपवले नाही ते मी लपवले, असे म्हणण्यात अर्थ नाही. तो मुद्दा येथेच सोडतो.

पंजाबातल्या त्या हकीकतीची एक ओळ मूळ लेखात आज रात्री घालीन. आपणही ‘शिताफीने’ हा शब्द मागे घ्यावा. तो घ्यायचा नसेल, तर निदान ‘काका’ तरी काढा.