गाडी लागलीय, रिपोर्ट द्या

परवा संध्याकाळी सहाला डिस्पॅचमधून फोन. मॅडम गाडी लागलीय, ड्रायव्हर दोन तासांपासून उभाय, रिपोर्ट कधी देताय. मॉइश्चरायझरचे ५० ग्रॅमचे साडेनऊ हजार जार, सगळे पॅक होऊन स्टोअरला पिवळ्या लेबलखाली. पिवळं म्हणजे क्वारंटाइन, हात लावायचा नाही. हिरवं लेबल माझी सही झाली की लागतं, आणि मी सही केली नाही कारण जंतू वाढताहेत का बघायला लावलेल्या माझ्या प्लेट्सचा तो तिसराच दिवस होता. गाडी रिकामी गेली, मला जे ऐकवायचं ते ऐकवून झालं, आणि तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय म्हणून लिहून काढतेय. लांब होईल, वेळ असेल तर वाचा.

चौदा वर्षं मी कॉस्मेटिक्सच्या क्यूसीत, म्हणजे माल तपासून पास करण्याच्या कामात आहे. नातेवाईक विचारतात, म्हणजे तू क्रीम लावून बघतेस का. नाही हो. रंग, वास, पीएच म्हणजे आंबटपणाचा आकडा, व्हिस्कॉसिटी म्हणजे दाटपणा, जारमध्ये वजन पूर्ण भरतंय का, झाकण घट्ट बसतंय का, बॅच नंबर बोटाने पुसला जातोय का, हे सगळं तासाभरात होतं. पीएच मीटर आधी ठरलेल्या पीएचच्या द्रावणाला लावून जुळवायचा, क्रीम पाण्यात कालवायचं, आकडा लिहायचा. यात कुणी भांडत नाही कारण यात गाडी थांबत नाही.

गाडी थांबते ती मायक्रोसाठी, म्हणजे जंतूंच्या टेस्टसाठी. क्रीममध्ये जंतू किती आहेत हे डोळ्यांना दिसत नाही, प्लेटवर वाढवूनच बघावं लागतं, आणि जंतूंना कुणाच्या टार्गेटशी घेणंदेणं नाही, ते आपल्या वेळेने वाढतात. बॅक्टेरियाला तीन ते पाच दिवस, बुरशीला पाच ते सात. त्यातही क्रीम तसंच प्लेटवर टाकून चालत नाही, कारण क्रीममधलं प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे क्रीम टिकवायला घातलेलं द्रव्य, प्लेटवरही जंतूंना दाबून धरतं आणि प्लेट खोटीच स्वच्छ दिसते. म्हणून आधी त्याचा जोर मारणाऱ्या, लेसिथिन आणि ट्वीन असलेल्या द्रावणात घेऊन ते प्रिझर्व्हेटिव्ह गप्प करायचं, मग मोजायचं. ग्रॅमला १००० जंतूंच्या आत चालतं, डोळ्यांजवळचं किंवा तीन वर्षांखालच्या बाळांसाठीचं असेल तर आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड १०० च सांगतं. आणि स्युडोमोनास, स्टॅफ ऑरियस, ई. कोलाय, कॅन्डिडा हे आजार करणारे जंतू तर सापडताच कामा नयेत.

आता मालकांचा आवडता प्रश्न. बल्क पास झालाय ना, मग परत फिनिश्ड, म्हणजे भरून तयार मालाचं टेस्टिंग कशाला? बल्क म्हणजे मोठ्या टाकीत बनलेलं क्रीम, अजून जारमध्ये न भरलेलं. या प्रश्नाचं उत्तर मी एकदा डोळ्यांनी बघितलंय. आधीच्या नोकरीतली गोष्ट आहे, कंपनीचं नाव लिहित नाही. बॉडी लोशनची बॅच होती. बल्कच्या प्लेट्स एकदम क्लीन. भरून झालेल्या बाटल्यांचे सॅम्पल लावले आणि दुसऱ्याच दिवशी, सणाचा सीझन म्हणून, रिपोर्ट मागाहून जोडू म्हणत वरूनच कुणीतरी सही केली आणि माल गेला, अर्धा नागपूरला अर्धा इंदूरला. चौथ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर उघडला तर मोजायला जागा नाही इतक्या कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके. स्युडोमोनास ओळखायच्या सेट्रिमाइडच्या प्लेटवर पोपटी हिरवा रंग पसरलेला, यूव्ही दिव्याखाली धरली की चमकत होती, आणि तो द्राक्षासारखा गोडसर वास. वास मुद्दाम घ्यायचा नसतो पण तो येतोच. स्युडोमोनास. धडधाकट माणसाच्या हातापायाला लागला तर कदाचित काहीच होणार नाही, पण सोललेल्या जागेवर, भाजलेल्या जागेवर, डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्समुळे बारीक ओरखडा असेल तिथे गेला तर डोळा जाऊ शकतो इतका वाईट.

मग शोधाशोध. पाणी बघितलं, ठीक. टाकी ठीक. शेवटी फिलिंग मशीनच्या होज पाइपला आतून स्वॅब लावला आणि तिथे सापडला. शनिवारी पाइप धुतला होता, पण न वाळवता ओलाच गुंडाळून जमिनीवर ठेवलेला, रविवार सुट्टी, सोमवारी तोच जोडून भरणं सुरू. दीड दिवस ओला अंधारा पाइप, त्याला अजून काय पाहिजे. टाकीत चांगलं असलेलं लोशन दोन मीटरच्या पाइपमधून जाताना खराब झालं. म्हणून मी म्हणते, कस्टमरच्या हातात बल्क जात नाही, बाटली जाते, तर बाटलीच तपासा.

माल परत मागवला. जेमतेम निम्मा आला. बाकीच्या बाटल्या दुकानांतून कुणाकुणाच्या घरी गेल्या हे आजपर्यंत कुणाला माहीत नाही, मलाही नाही. ते माझ्या मनातून जात नाही.

लोक म्हणतात एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन, आहे की, ते मार्केटमधून सॅम्पल उचलतात. उचलतात, आणि उचललेच पाहिजेत. पण वेळ बघा. जॉन्सनच्या बेबी पावडरची केस सगळ्यांना आठवत असेल. सॅम्पल घेतलं डिसेंबर २०१८ मध्ये, पीएचमध्ये बसत नाही म्हणून रिपोर्ट २०१९ ला, कंपनीने आव्हान दिलं, फेरतपासणी कोलकात्याच्या लॅबमध्ये, मुलुंडच्या प्लांटचं लायसन्स रद्द झालं ते सप्टेंबर २०२२ मध्ये. जानेवारी २०२३ मध्ये हायकोर्टाने तो आदेश रद्द केला, नंतर घेतलेले नवे सॅम्पल नियमात बसले होते आणि इतक्या उशिराबद्दल कोर्टाने एफडीएलाच सुनावलं. कोण बरोबर कोण चूक यात मला पडायचंच नाही. मी फक्त तारखा बघते. ज्या डब्यावरून वाद चालला तो डबा केव्हाच संपला होता, ते बाळ शाळेत जायला लागलं असेल.

आणि गोरं करणाऱ्या क्रीमचं काय झालं ते तर अजून वाईट. २०२३ ला अकोल्याची बातमी आली, एकाच घरातल्या तिघींच्या किडनीला त्रास, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये शोधता शोधता क्रीमपर्यंत पोचले, क्रीममध्ये पारा. केरळात मलप्पुरमकडेही तसेच पेशंट सापडले. पारा त्वचेत मेलॅनिन तयार होऊ देत नाही म्हणून चेहरा पटकन उजळतो आणि बाई खूश होऊन बहिणीलाही तोच डबा देते. आपल्या २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे नकळत राहिलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागाच्या वर चालत नाही. लॅबमध्ये ही टेस्ट एका दिवसात होते हो! त्या डब्याची टेस्ट कुठल्या गेटवर झालीच नाही, ती झाली तीन जणींच्या किडनीवर. म्हणून डब्यावर बॅच नंबर, लायसन्स नंबर, बनवणाऱ्याचा पत्ता नसेल तर घेऊ नका, पार्लरवालीने कितीही भरवशाने दिला तरी घेऊ नका. बॅच नंबरच नसेल तर उद्या काही झालं तरी कुठला माल परत बोलवायचा हेच कळणार नाही.

आता घरगुतीवाल्या मैत्रिणींसाठी, तुम्ही रागावलात तरी. माझी सांगलीची मामी कोरफडीचं जेल बनवून विकायची. सुंदर पारदर्शक जेल, घरची कोरफड, हात स्वच्छ, भांडी उकळलेली, मायेने केलेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घ्यायची. मी म्हटलं मामी दोन बाटल्या पाठवा, बघते. पीएच निघाला ६.८. मी विचारलं टिकायला काय घालता, तर म्हणाली सोडियम बेंझोएट, लोणच्यात असतं ना तेच. लोणचं आंबट असतं म्हणून तिथे चालतं. पीएच पाचच्या वर गेला की ते जवळजवळ कामच करत नाही. दुसऱ्या बाटलीच्या प्लेटवर पाचव्या दिवशी काळी बुरशी होती, आणि बाटली बघितलीत तर आत काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

फोन केला तेव्हा बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं म्हणजे मी जे घालत होते ते सगळं वायाच?" मी म्हटलं हो मामी, आणि विकायचं असेल तर एफडीएचं लायसन्स लागतं, कुणाच्या लायसन्सवाल्या युनिटमध्ये बनवून घ्यायचं म्हटलं तरी लोन लायसन्स लागतं, आणि प्रत्येक बॅच टेस्ट करायची. तिला वाईट वाटलं, मलाही वाटलं. ते जेल विकून ती नातीची क्लासची फी भरत होती.

दुसऱ्या दिवशी तिने वही काढली. कुणाला कधी किती दिलं सगळं तारखेनिशी लिहिलेलं, चौदा बाटल्या. एकेकीला फोन केला, लावू नका म्हणून सांगितलं, पैसे परत दिले. संध्याकाळी मला मेसेज आला, तेरा बाटल्या आल्या आणि चौदावी मिरजेला जावेकडे आहे, उद्या बसने येतेय.