घाटावर राहणाऱ्या नव्या डायव्हरने आधी काय घ्यावं?

स्कूबाच्या पहिल्या कोर्सचं, म्हणजे ओपन वॉटरचं, कार्ड हातात पडलं की पहिली चौकशी होते ती रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) आणि बीसीडीच्या (तरंगणं कमी-जास्त करणारं, हवा भरायचं जॅकेट) सेटची. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मंडळींना माझं स्पष्ट सांगणं आहे, तो सेट आत्ता घेऊ नका. आधी मास्क घ्या, आणि त्याच्या पाठोपाठ डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली, वेळ आणि शरीरातल्या नायट्रोजनचा हिशोब ठेवणारं मनगटावरचं यंत्र. मालवणात किंवा गोव्यात राहणारा माणूस भाड्याच्या कॉम्प्युटरवर काही दिवस निभावून नेईल. आपलं तसं नाही, कारण डाइव्ह संपल्यावर आपल्याला घाट चढून घरी यायचं असतं.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. इथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे साडेआठ टक्के कमी. पाण्याखाली दाबाने शरीरात विरघळलेला नायट्रोजन वर आल्या आल्या निघून जात नाही, त्याला कित्येक तास लागतात. तो पुरता बाहेर पडायच्या आत आपण कमी दाबाच्या जागी गेलो तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखणं, हातापायाला मुंग्या येणं, अंगावर चट्टे उठणं, हे सगळं त्यातून. डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नाही, हा नियम बहुतेकांच्या लक्षात राहतो, घाटाचा राहत नाही. पण डॅन या डायव्हर-सुरक्षा संस्थेची विमानप्रवासाची मार्गदर्शक सूचना २,००० ते ८,००० फूट उंचीला लागू आहे आणि बेळगाव २,४०० फुटांच्या वर आहे. विनाडीकॉम्प्रेशन (वर येताना सक्तीचे थांबे न लागणारी) एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबायचं. आंबोली सुमारे ६९० मीटर, चोर्ला त्याहूनही उंच, म्हणजे कुठल्याही वाटेने आलात तरी सुटका नाही.

म्हणून रविवारी सकाळी तारकर्लीला दोन डाइव्ह आणि संध्याकाळी बेळगावात चहा, हा बेत मुळातच चुकीचा आहे. डाइव्ह शनिवारी सकाळी करा. दुपारी १ ला पाण्याबाहेर आलात तर १८ तास रविवारी सकाळी ७ ला भरतात. मग निवांत न्याहारी करून निघा. आणि वर सांगितलेलं एखादं लक्षण दिसलंच तर गाडी घाटाकडे वळवायचीच नाही. किनाऱ्यावरच ऑक्सिजन आणि डॉक्टर गाठायचा.

कॉम्प्युटर घेताना चार गोष्टी बघा. उंचीची जुळवणी आपोआप होते का, नो-फ्लायची वेळ (किती तास विमानात बसायचं नाही ते) दाखवतो का, बॅटरी आपल्याला घरी बदलता येते की कंपनीकडे पाठवावी लागते, आणि नायट्रॉक्सची (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेची) सोय आहे का. रंगीत पडदा, ब्लूटूथ, टाकीतला दाब दाखवणारा ट्रान्समीटर, हे नंतरचं. अक्षरं मोठी हवीत. आपल्या बाजूच्या समुद्रात पाणी गढूळ असतं तेव्हा बारीक आकडे दिसतच नाहीत. दोघांत एक कॉम्प्युटर चालत नाही. जोडीदार आपल्यापेक्षा दोन मीटर खाली राहिला असेल तर त्याच्या शरीराचा हिशोब वेगळा होतो.

आता मास्क. किंमत बघून मास्क घेणं हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार. पट्टा मागे टाका, मास्क चेहऱ्यावर हलकेच टेकवा, नाकाने थोडा श्वास ओढा आणि हात सोडा. श्वास रोखून आहात तोवर तो पडता कामा नये. मग तोंडात माउथपीस धरून हेच पुन्हा करा, कारण तोंड उघडलं की गालांचा आकार बदलतो. आपल्याकडे मिशा राखणारे बरेच आहेत. त्यांनी नाकाखालची मिशीची वरची कड थोडी कातरून घ्यावी, नाहीतर स्कर्ट (मास्कची चेहऱ्याला टेकणारी सिलिकॉनची कड) तिथे टेकत नाही आणि पाणी येतच राहतं. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट स्कर्ट मुडपून ती वाढते. काच टेम्पर्ड हवी आणि नाक आत हवं. पोहण्याच्या गॉगलमध्ये नाक बाहेर राहतं, त्यामुळे आतला दाब जुळवता येत नाही आणि डोळे लाल होतात. स्नॉर्कलिंगचा पूर्ण चेहऱ्याचा मास्क स्कूबाला वापरायचा नाही.

चष्मा असेल तर नंबरच्या तयार काचा बसणाराच मास्क घ्या. त्या साधारण अर्ध्या नंबराच्या टप्प्याने मिळतात. पाण्यात वस्तू मुळातच मोठी आणि जवळ दिसते, त्यामुळे नेमका नंबर नसला तर किंचित कमीचा चालतो. नव्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा थर असतो. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने, जेलने नव्हे, आतून दोन-तीन वेळा बोटाने चोळून धुवा. हे न करता गेलात तर पहिल्या पाच मिनिटांतच मास्क धुकट होतो आणि दोष मास्कला दिला जातो.

फिन्समध्ये (पायात घालायच्या वल्ह्यांमध्ये) फार डोकं लावू नका. आधी ३ मिमीचे बूट घ्या, मग ते घालूनच उघड्या टाचेचे फिन्स घालून बघा. स्प्रिंगचे पट्टे मिळाले तर उत्तम. वेटसूट ३ मिमी आणि पूर्ण हातापायांचा. आपल्या किनाऱ्यावर पाणी गारठवणारं नसतं, पण जेलीफिश आणि धारदार खडकांसाठी अंग झाकलेलं बरं. काखेत आणि कमरेच्या मागे पोकळी राहिली तर तिथून पाणी ये-जा करतं आणि सूट असून नसल्यासारखा. नवा निओप्रीन (सूटचं फेसाळ रबर) जास्त तरंगतो, म्हणून नव्या सूटबरोबर कमरेला लावायची शिशाची वजनं पुन्हा तपासा. टाकीत ५० बार उरलेले, बीसीडी रिकामी, साधा श्वास भरून रोखलेला, तेव्हा पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं. ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की तरंगू लागते. भरल्या टाकीवर वजनं ठरवणाऱ्याला शेवटी ५ मीटरवरचा सुरक्षेचा थांबा टिकवता येत नाही.

दोन छोट्या वस्तू मात्र पहिल्याच खरेदीत हव्यात. एक एसएमबी (आपली जागा होडीला दाखवणारा, पाण्यावर उभा राहणारा फुगा), १.२ मीटर किंवा मोठा, सोबत स्पूल (त्याच्या दोरीचं रीळ). दुसरी, कात्री किंवा लाइन कटर. आपला किनारा मासेमारीचा आहे, तुटकी जाळी खडकांना अडकलेली असतात. पातळ नायलॉन सुरीपेक्षा कात्रीने पटकन तुटतो.

रेग्युलेटर आणि बीसीडी वीस-पंचवीस डाइव्ह भाड्याने वापरा. तोवर आपल्याला जॅकेटसारखी बीसीडी सोयीची की फक्त पाठीमागे फुगणारी, हे कळतं. शिवाय रेग्युलेटरला कंपनी सांगेल त्या मुदतीत, बहुधा दर एक-दोन वर्षांनी, सर्व्हिसिंग लागतं. ते कोण करणार आणि सुटे भाग कुठून आणणार, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. वापरलेला घेत असाल तर फर्स्ट स्टेजचं (टाकीला बसणाऱ्या भागाचं) टोपण लावून माउथपीसमधून श्वास ओढा. हवा आली तर कुठेतरी फट आहे. होज (रबरी नळ्या) वाकवून चिरा बघा. बीसीडी फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी सैल झाली असेल तर सोडून द्या. टाकी विकत घेण्याच्या भानगडीत पडूच नका. तिची तपासणी, परवानगी आणि भरणं, सगळंच आपल्या गावात कटकटीचं.

आपल्याकडचा पाऊस हा सामानाचा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर डाइव्हिंग बंद, आणि नेमक्या त्याच महिन्यांत कपाटात बुरशी धरते. शेवटच्या डाइव्हनंतर सगळं गोड्या पाण्यात भिजवा. रेग्युलेटर बुडवताना टोपण कोरडं करून लावलेलं हवं आणि पर्जचं (माउथपीसवरचं, हवा सोडायचं) बटण दाबायचं नाही, दाबलं तर पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजमध्ये जातं. बीसीडीच्या आतही पाणी घालून हलवून काढा. सावलीत पूर्ण वाळू द्या. वेटसूट जाड हँगरवर, मास्क त्याच्या कडक डबीत आणि काळ्या रबरापासून लांब, नाहीतर पारदर्शक सिलिकॉनवर डाग पडतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसात महिन्यातून एकदा उघडून वारा द्या. ऑक्टोबरमध्ये निघण्याआधी पट्टे ताणून बघा आणि कॉम्प्युटरची बॅटरी घरीच तपासा.